दीड महिना

काउंटरवरच्या मुलीनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं, काहीतरी टाइप केलं आणि मान वर न करताच म्हणाली, "रूपालीताईला फोन लागला तुमच्या. निघाल्या म्हणे एमआयडीसीतून." मीनाला वाटलं, ही दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं. मागं चाकांच्या खुर्चीत बसलेला कल्याण होता, डोळे मिटून, अंगावर शाल घेऊन, आणि त्याच्यामागं काचेचं दार. "कुणाला फोन केला?" तिनं विचारलं. "कार्डावर त्यांचाच नंबर हाय ना. अडीअडचणीला कळवायचा. तेवढं करावंच लागतं आम्हाला." मुलीनं कार्ड काचेखालून सरकवलं. हृदय थांबलं तर झटका देऊन चालू करणाऱ्या छातीतल्या यंत्राचं कार्ड ते, तसलं एक कल्याणच्या पाकिटात आठ वर्षं असायचंच. गेल्या हिवाळ्यात यंत्राची बॅटरी बदलली तेव्हा हे नवं आलं. पुढच्या बाजूला कल्याणचं नाव आणि यंत्राचा लांबलचक क्रमांक, तो मीनाला जवळजवळ पाठ होता. मागची बाजू मात्र तिनं कधी पाहिली नव्हती. मागच्या बाजूला रूपालीचं नाव होतं आणि तिचा मोबाइल. "आणि तुम्ही पेशंटच्या कोण?" मुलीनं विचारलं. मीनानं सांगितलं. मुलीनं तेही टाइप केलं.

तसं पाहिलं तर यात काही नव्हतं. आठ वर्षांपूर्वी कल्याण पडला तेव्हा अँब्युलन्समध्ये त्याच्यासोबत कंपनीतली रूपाली होती, फॉर्म तिनं भरला, नंबर तिचा लागला, आणि एकदा लागलेला नंबर कोण बदलतं? हे मीनाला अंबड चौफुलीवरच्या त्या नव्याकोऱ्या हॉस्पिटलात उभ्या उभ्या, लिफ्टची वाट बघतानाच कळलं होतं. कळून उपयोग काहीच झाला नाही. कल्याण पडला तो श्रावणातला मंगळवार होता. बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायच्या खोलीत कल्याण काम बघायचा. ओल्या कागदात बी गुंडाळून कपाटात ठेवायचं, सातव्या दिवशी कोंब मोजायचे, असं ते शांत, थंड काम. त्या कपाटापुढंच तो कोसळला. कंपनीनं तीस जणांना दोन दिवस प्रथमोपचाराचं शिक्षण दिलं होतं. एकोणतीस जणांनी चहा घेतला, सर्टिफिकेट घेतलं आणि विषय सोडून दिला. तिसावी रूपाली. तिनं गुडघे टेकले आणि अकरा मिनिटं त्याची छाती दाबली. दोन बरगड्या मोडल्या, पण माणूस राहिला. मीना त्या वेळी अंबडच्या रस्त्यावरच्या तिच्या शाळेत चौथीला अपूर्णांक शिकवत होती आणि मोबाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात होता. ती पोचली तेव्हा अडीच तास उलटून गेले होते. बाकावर केस सुटलेली, सावळी, तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान बाई बसली होती, दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून. "ताई, आता बरं हाय त्यायला," एवढंच ती म्हणाली, आणि मीना तिच्या गळ्यात पडून रडली होती. ते रडणं काही खोटं नव्हतं. मत्सर नंतर आला, सवडीनं.

पहिल्या वर्षी तो आलाय हे तिला कळलंही नाही. आत्याबाई आष्टीहून मुद्दाम आल्या होत्या. आत्याबाईंचं नाव द्वारकाबाई, आणि त्या काही ऐऱ्यागैऱ्या सासू नव्हेत, गावात त्यांचा शब्द चालतो. त्यांनी हिरवं लुगडं घेतलं, खण घेतला, नारळ घेतला, आणि पोरगा उठून हिंडाफिरायला लागल्यावर रूपालीच्या घरी जाऊन तिची ओटी भरली. "तू माझ्या सुनंचं कुकू राखलंस माय," म्हणाल्या. कुंकवाचं ताट मीनाच्या हातात होतं. रूपालीच्या घरात बुद्धाची तसबीर, समोर मेणबत्ती. तिच्याकडे हे ओटीबिटी कुणी करत नाही. तरी म्हातारीचं मन मोडू नये म्हणून तिनं पदर पसरला आणि अवघडून हसली. तिचा नवरा राजानंद चहा घेऊन आला. आष्टीत ज्या वस्तीतलं पाणीसुद्धा आत्याबाईंनी कधी घेतलं नव्हतं, तसल्याच घरचा चहा त्यांनी कप भरून घेतला, वर बशीतला सांडलेला पण प्यायल्या. मीनाला फार बरं वाटलं होतं तेव्हा. पण मग दुसरं वर्ष आलं, तिसरं आलं, दर श्रावणात लुगडं आणि ताट आणि 'माझ्या सुनंचं कुकू'. चौथ्या वर्षी ताट धरून उभं असताना तिच्या मनात येऊन गेलं, की आत्याबाईंनी आपलं जुनं सोवळं चालू ठेवलं असतं तर किती बरं झालं असतं. वर्गात पोरांना समता शिकवणाऱ्या बाईच्या मनात हे आलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही.

काही असतं तर भांडता आलं असतं, खरी पंचाईत तीच. कल्याण सरळ माणूस. फोनवर तो "हां, रूपाली, बोल" म्हणायचा ते दूधवाल्याशी बोलावं तितक्याच सपाट आवाजात. मीनानं त्याचा मोबाइल पाहिला होता, एकदा नव्हे, तीनदा, आणि प्रत्येक वेळी तिला लॉटचे नंबर आणि टक्केवारी सापडली होती: सोयाबीन सत्तर, कापूस शहात्तर. रूपाली त्याला कल्याणभाऊ म्हणायची. दोन्ही घरांत सगळं कसं स्वच्छ होतं, आणि त्या स्वच्छतेत मीनाला श्वास घ्यायला जागा नव्हती. तिनं काय केलं नव्हतं या माणसासाठी? टायफॉइडमध्ये बावीस दिवस उशाशी बसली. त्याच्या वडिलांचं अंथरुणातलं दुखणं तिनं काढलं. पोरगी अक्षता, तिला तिनंच शिकवून पुण्याला धाडली. सगळं मिळून तेवीस वर्षं झाली, आणि त्या तेवीस वर्षांसाठी कुणी ओटी भरत नाही. भरायची ती अकरा मिनिटांची. रात्री कल्याण डाव्या कुशीवर वळला की डाव्या खांद्याखालचा तो उंचवटा, साबणाच्या वडीएवढा, तिच्या दंडाला लागायचा, आणि ती अंग चोरून घ्यायची. लोकांना वाटायचं, यंत्राची भीती वाटत असेल. तिला त्या जागेचीच शिसारी आली होती. ती छाती आता आपली राहिली नाही, आपल्याला नुसती सांभाळायला दिलीय, असं तिला वाटायचं.

म्हणूनच यंदा त्या संध्याकाळी, वैशाख संपता संपता, आंघोळीहून आलेला कल्याण बनियन हातात घेऊन म्हणाला, "मीना, बघ बरं हे. लाल दिसून राह्यलं इथं," तेव्हा तिला आधी काय वाटलं? भीती वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. हे तिनं स्वतःशी कितीही वेळा उलटून पाहिलं तरी तसंच निघे. आनंद झाला. यंत्राच्या वरची कातडी रुपयाएवढी लाल झाली होती, हात लावला तर कोमट लागत होती. "रूपालीला सांगितलं का?" तिनं विचारलं. "तिला कामून सांगू?" तो म्हणाला, आणि मीनाच्या अंगावरून जणू मोरपीस फिरलं. यंत्रासोबत मिळालेली माहितीची पुस्तिका तिनं दोनदा वाचलेली होती. लालसरपणा, सूज, गरमपणा, यातलं काहीही दिसलं तर घरी काही न करता त्याच दिवशी डॉक्टरांकडे, असं तिच्यात ठळक अक्षरात छापलं होतं. मीनानं लिंबाचा पाला उकळला, पाणी कोमट केलं, कापसानं ती जागा पुसली आणि खोबरेल तेलात हळद कालवून वर लावली. मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या कॅप्सूल आणल्या, आत्याबाईंच्या पायाला मागे दिल्या होत्या त्याच. पाच दिवसांत लाली उतरली. आठवड्यानं परत आली. परत कॅप्सूल आणल्या.

त्या संध्याकाळी! दार लोटून घ्यायचं, बाहेर उन्हाळ्यात राहायला आलेल्या आत्याबाईंची मालिका चालू, आत पितळी वाटीत कोमट पाणी. तो पलंगाच्या कडेला शर्टाची बटणं सोडून बसायचा आणि ती त्याच्यासमोर स्टुलावर. अर्धा तास, कधी पाऊण. कापूस फिरत असताना तो बोलायला लागायचा. इतक्या वर्षांत न बोललेलं. आष्टीच्या विहिरीत लहानपणी तो बुडता बुडता वाचला होता ते. वडिलांनी एकदा बाजारात सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती ते. यंत्र बसवल्यावर पहिले सहा महिने तो एकटा संडासालाही घाबरायचा ते. एकदा तिनं धीर करून विचारलं, "त्या दिवशीचं काय आठवतं?" तो म्हणाला, "काहीच न्हाई. कपाट उघडलं, अन् मंग एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं लोकं सांगतात ते." मीनाचा हात थांबला होता. म्हणजे त्या अकरा मिनिटांत तो नव्हताच! तो इथं होता, या पलंगावर, तिच्या कापसाखाली. जखम बरी व्हावी असं ती म्हणत होती, देवापुढं दिवा लावून म्हणत होती, पण फार लवकर व्हावी असं काही म्हणत नव्हती. "डॉक्टरला दाखवायचं का एकदा?" त्यानं चौथ्या आठवड्यात विचारलं. "उगं चिरफाड करतील. उतरून राह्यलंय की," ती म्हणाली, त्याच्याच बोलीत. मग म्हणाली, "कुणाला सांगू नका. उगाच गवगवा." तो तिच्याकडं पाहत राहिला. काय कळलं असेल त्याला? त्यानं मान हलवली. पाचव्या आठवड्यात संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येऊ लागला. सहाव्यात कातडी कागदासारखी पातळ झाली आणि एके सकाळी शर्टावर पिवळा डाग आला. तेव्हा कुठं मीनानं रिक्षा बोलावली आणि त्याला हॉस्पिटलात आणलं.

रूपाली आली ती कंपनीच्या एप्रनवरच, हातात हेल्मेट, कपाळावर घाम. "ताई, काय झालं हो? जल्दी या म्हणले, माझा तर जीवच गेल्ता." तिनं कल्याणकडं पाहिलं, छातीवरच्या पट्टीकडं पाहिलं. "कव्हापासून हाय हे?" मीनानं तोंड उघडलं, पण आवाज कल्याणचा आला. "आठ दिवस झाले असतील." अगदी सहज म्हणाला तो. मीनाला आधी वाटलं, तापात दिवस चुकले त्याचे. पण तो छताकडं पाहत होता आणि त्याचा हात चादरीखालून पुढं येऊन तिच्या हाताला लागला होता. संध्याकाळी कनिष्ठ डॉक्टरनं विचारलं तेव्हाही आठ दिवस. रक्त घेणाऱ्या सिस्टरनं विचारलं तेव्हाही. तो तिला झाकत होता, आणि तेही रूपालीसमोर.

तीन दिवस गेले. रूपाली दुपारच्या सुटीत डबा घेऊन यायची, कल्याण तिची ज्वारीची भाकरी खायचा आणि मीना समोर बसून बघायची. तिसऱ्या दिवशी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. आकांक्षा नाव त्यांचं, वयानं जेमतेम पस्तिशीच्या, बोलणं मऊ पण पसारा नसलेलं. त्यांनी मीनाला आणि रूपालीला, कागदावर दोघींची नावं होती म्हणून, कल्याणच्या पलंगाशीच बोलावलं आणि एका कोऱ्या कागदावर हृदय काढलं. खांद्याखालच्या खिशात यंत्र, तिथून शिरेतून खाली गेलेली वायर, तिचं टोक हृदयाच्या आत. "संसर्ग खिशात झाला की नुसतं यंत्र काढून भागत नाही. वायरसुद्धा काढावी लागते, पूर्ण," त्या म्हणाल्या. "आणि वायर आठ वर्षांची आहे. शरीरानं तिला आपलंसं केलेलं असतं. शिरेला चिकटते, हृदयाला चिकटते, वरून साय धरल्यासारखा जाड थर येतो. ओढून काढायला गेलो तर शीर फाटेल, हृदयाला भोक पडेल. म्हणून तिच्यावरून एक नळी सरकवत न्यायची, नळीच्या तोंडाला धार असते, ती गोल फिरत चिकटलेलं सुटं करत जाते. एकेक मिलिमीटर. हैदराबादचे डॉक्टर हेच काम करतात, ते उद्या येतील. छाती उघडायची वेळ आलीच तर आपले सर्जन बाहेर तयार असतील."

"रक्तात काय निघालं?" रूपालीनं विचारलं. "जंतू वाढवून पाहिले, काही उगवलं नाही. ते चांगलंय. आठ दिवसांचंच दुखणं, रक्त साफ, म्हणजे वायरवर आत काही साचलेलं नसावं. साचलेलं असतं, तर ते ओढताना तुटून फुप्फुसात जायची भीती, मग सगळाच बेत बदलावा लागतो." रूपाली गप्प बसली असती तर मीनाचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण रूपालीचं आयुष्य ओल्या कागदावरचं बी बघण्यात गेलेलं. ती जरा घुटमळून म्हणाली, "मॅडम, मला काय कळत न्हाई त्यातलं. पण आमच्याकडं औषध चोळलेलं बी आलं ना, तर त्याला बुरशी असली तरी कागदावर दिसतच न्हाई. साफच दिसतं बिलकुल. तसं तर न्हाई ना हे?" डॉक्टरांनी तिच्याकडं नीट पाहिलं. मग कल्याणकडं वळल्या. "औषध पोटात असलं तर जंतू दडून राहतात. म्हणूनच पुन्हा विचारते. इथं येण्याआधी एखादी कॅप्सूल, गोळी, काही घेतलं होतं?" "न्हाई," कल्याण म्हणाला. "भाऊ, आठवून बघा ना," रूपाली म्हणाली. "न्हाई म्हणलं ना एकदा!" तो ओरडला. तापानं लाल झालेले डोळे रूपालीवर रोखून ओरडला. "तुला काय करायचं त्यात? बराबर आठ दिवस हाय म्हणून सांगितलं मी."

रूपालीचा चेहरा पडला. आठ वर्षांत तो तिच्यावर पहिल्यांदा खेकसला होता, आणि तो मीनासाठी खेकसला होता. मीनाच्या छातीत काहीतरी असं भरून आलं की तिला पलंगाचा कठडा धरावा लागला. हेच हवं होतं! इतकी वर्षं ती जे मागत होती, आणि काय मागतोय हे तिला धड सांगता येत नव्हतं, ते हे होतं: दोघांच्या आत एक गोष्ट, आणि रूपाली तिच्या बाहेर. त्या एका खोट्यात दीड महिन्याच्या सगळ्या संध्याकाळी होत्या, कोमट पाणी, विहीर, बाजारातली थोबाडीत. या माणसानं ते जिवापेक्षा मोठं धरलं होतं. बायकोला कुणी बोल लावू नये म्हणून तो उद्या वायर ओढवून घ्यायला तयार होता. डॉक्टरांनी संमतीचा कागद पुढं केला, "इथं नवऱ्याचं नाव, इथं तुमची सही," आणि पेन दिलं. मीनानं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं वळणदार आलं. खिडकीतून लांब एमआयडीसीतल्या रोलिंग मिलच्या चिमण्या दिसत होत्या, धूर सरळ वर चालला होता. सही केली की झालं. कुणालाच कधी कळणार नाही. त्यालाही ती सांगणार नाही की मला कळलं होतं. तुटून फुप्फुसात जायची भीती, डॉक्टर म्हणाल्या. भीती म्हणाल्या, जाईलच असं नाही म्हणाल्या. तिनं पेन कागदावर टेकवलं आणि तिला पेन टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होताना दिसला, आणि तिच्या मनात अगदी स्पष्ट शब्दांत आलं, की मी याला मारून टाकते आहे, आणि मला ते गोड लागतंय.

"दीड महिना," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही बहुतेक. तिनं पेन खाली ठेवलं. "आठ दिवस नाही मॅडम. दीड महिना झाला. मी घरीच करत होते. कॅप्सूल दिल्या मी, तीन वेळा, पाच-पाच दिवस. शेवटची इथं यायच्या आदल्या दिवशी." डॉक्टरांनी आरडाओरडा केला नाही. कॅप्सूलचं नाव विचारलं, किती वेळा विचारलं, ताप कधीपासून विचारलं. मास्तरीणबाईंना सगळ्या तारखा तोंडपाठ होत्या. रूपाली भिंतीला टेकून उभी होती, हेल्मेट पोटाशी धरून, आणि जमिनीकडं पाहत होती. "उद्याचं थांबवा," डॉक्टर सिस्टरला म्हणाल्या. "आधी अन्ननलिकेतून हृदयाची सोनोग्राफी. त्याशिवाय वायरला कुणी हात लावणार नाही." त्या गेल्यावर रूपालीही गेली. मग कल्याणनं तोंड भिंतीकडं वळवलं. "कामून बोललीस?" तो म्हणाला. "तुमच्या जिवाचं होतं म्हणून." "ते कळतं मला. रूपालीसमोर कामून?" मीनाला वाटलं, हसावं मोठ्यानं. इथंही तीच. माझी अब्रू जायची ती हिच्यासमोर, राहायची तीही हिच्यासमोर. तो दिवसभर तिच्याशी बोलला नाही.

सोनोग्राफीत निघालं. हृदयाच्या आत, वायरला धरून, शेंगदाण्याएवढी गाठ लोंबत होती, प्रत्येक ठोक्याबरोबर हलत होती. आणखी मोठी असती तर छातीच उघडावी लागली असती. पाच दिवस नसेतून औषध गेलं, हैदराबादच्या डॉक्टरांनी तारीख बदलली, गाठ ओढून घेणारी वेगळी नळी मागवली, आणि सर्जन बाहेर नव्हे तर आतच, हात धुऊन उभे राहिले. चार तास लागले. बाहेरच्या बाकावर मीना होती आणि एका माणसाची जागा सोडून रूपाली. आत्याबाई आष्टीला, देव पाण्यात घालून. एक तास गेला. मग मीना म्हणाली, "बोला ना मला काहीतरी. शिव्या द्या." रूपालीनं मान हलवली. "काय देऊ, ताई? तुमच्या मनात काय हाय ते मला पयल्या ओटीपासून माहीत हाय. कुकवाचं ताट धरता तव्हा तुम्ही माझ्याकडं बघतच न्हाई." मीनाचे कान तापले. "राजानंद म्हणतेत, जाऊ नको, बोलावू नको. पण आत्याबाई दारात आल्यावर कसं न्हाई म्हणायचं? दर साली वाटतं, यंदा तरी इसरतील हे लोक. मला शिकवलं व्हतं, मी केलं. दुसरा कुणी पडला असता तरी केलंच असतं." ती खरं बोलत होती, थकून बोलत होती. आणि मीनाला काय वाटावं? सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिला उलट नवी चीड आली, की जिच्यासाठी मी आठ वर्षं जळले ती गोष्ट हिला नकोच होती. हिला ती टाकून देता येते, इतकी हिच्याकडं आहे ती.

वायर निघाली. डॉक्टर आकांक्षा मास्क खाली करून बाहेर आल्या, त्यांच्या गालावर मास्कचे वळ उठले होते. शीर शाबूत, हृदय शाबूत, गाठ अख्खी बाहेर. मीना बाकावरून उठली आणि परत बसली. "पण एक आहे," त्या म्हणाल्या. "रक्तातला संसर्ग पूर्ण गेल्याशिवाय नवीन यंत्र बसवता येणार नाही. तीन आठवडे तरी. तेवढे दिवस त्यांच्या छातीत काही नसेल. ते इथंच राहतील, मॉनिटर असेल, सिस्टर असतील. तरी जवळच्या माणसाला छाती दाबता आली पाहिजे. एक मिनिटाचाही उशीर चालणार नाही. शिकाल ना?" मग रूपालीकडं पाहून त्या जरा हसल्या. "शिकवणाऱ्या तर घरच्याच आहेत तुमच्या."

त्याच आठवड्यात, शनिवारी दुपारी, कल्याणच्या खोलीत फरशीवर रबरी पुतळा आडवा पडला होता. पुतळा कसला, डोकं आणि छाती, पोटाखाली काही नाही. कल्याण उशीला टेकून बसला होता. यंत्र गेलेली खांद्याखालची जागा पट्टीखाली सपाट दिसत होती. तो मीनाशी परत बोलायला लागला होता, पण जपून. मीनानं पदर खोचला आणि गुडघे टेकले. रूपाली तिच्या समोर, पुतळ्याच्या पलीकडं. "छातीच्या मधोमध, ताई. हे हाड. तळहाताची टाच इथं. दुसरा हात वर. कोपर वाकवायचं न्हाई, सगळं वजन खांद्यातून." मीनानं दाबलं. पुतळ्यातून आवाज यायला हवा होता तो आला नाही. "जोर कमी पडून राह्यला. दोन इंच गेलं पायजे आत." मीनानं पुन्हा दाबलं. रूपालीनं तिच्या हातांवर आपले हात ठेवले. ते खरखरीत होते, कोरडे, आणि गरम. मीनाला हात झटकून टाकावासा वाटला. तिनं झटकला नाही. चार हात एकदम खाली गेले आणि पुतळ्यातून टक् असा आवाज आला. "हां! असं. आता तुम्ही एकट्या." "हळू गं," कल्याण पलंगावरून म्हणाला, "मेलो न्हाई अजून." तिघंही हसले, आणि हसतानाच त्याचे डोळे भरून आले आणि तो खिडकीकडं बघू लागला.

रूपाली मोजायला लागली. एक, दोन, तीन, चार. मीना दाबत होती. टक्, टक्, टक्. दंड भरून आले, घाम डोळ्यांत उतरला, तिनं थांबून पुसला नाही. दहा, अकरा, बारा. एवढंच होतं तर ते. हे एवढंच येत नव्हतं आपल्याला, म्हणून सगळं. आता येत होतं. आता उद्या घरी, स्वयंपाकघरात, पलंगाच्या कडेला, कुठंही तो पडला तर आपण होतो. सतरा, अठरा. आणि मग ते तिच्या मनात आलं, असं सरळ, की तिला ते अडवायलाही वेळ मिळाला नाही: पडावा. एकदाच. आपण दोघंच असताना त्याचं हृदय थांबावं आणि ते आपल्या हातांनी चालू करावं. तिनं मान वर करून पाहिलं. तो तिच्याकडंच बघत होता, निवांत, विश्वासानं, शर्टाची बटणं सोडून. आपल्या माणसासाठी असं कुणी मागतं का? पंचवीस, सव्वीस, रूपाली मोजत होती. मीनानं मागितलं, आणि तीस म्हणून रूपाली थांबली तरी ती दाबतच राहिली.